पोहण्याच्या शर्यतींचे नियम व प्रवेशाची रीत

आपल्या इकडे पट्टीच्या पोहणाऱ्यांची वाण कधींच नव्हती. पाठीस भोपळा बांधून नदीच्या डोहांत हातपाय मारतां मारतां तयार झालेलीं, विहिरीच्या कांठावरून बेधडक सूर मारणारीं मुलें गांवोगांव आढळतात. आतां शहरांतून पोहण्याचे तलावही पुष्कळ झाले असून तेथें सुट्टींत नियमित शिकवणी चालते. असें असूनही शालेय शर्यतींच्या दिवशीं एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. जें मूल सर्वांच्या आधीं भिंतीस पोहोंचलें, त्याच्या नांवापुढें निकालाच्या कागदावर वेळ नसते. 'बाद' एवढीं दोन अक्षरें असतात. मूल रडूं लागतें, आईबाप पंचांस बोल लावतात, आणि शिक्षक मध्यें उभे राहून दोघांची समजूत घालतात. खरें कारण बहुधा असें असतें कीं, त्या मुलास पोहणें शिकविलेलें असतें, शर्यत शिकविलेली नसते.

म्हणून या लेखांत आम्ही पोहण्याच्या शर्यतीचे नियम व तींत नांव दाखल करण्याची रीत सांगण्याचें योजिलें आहे. प्रेषित पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत क्रीडांगणावरील खेळाडूचा दाखला घेतला आहे आणि तेथें त्यानें मुकुटाची गांठ नियमांशीं घातली आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच. पौलाच्या काळचे क्रीडानियम काय होते याच्या खोलांत आम्ही शिरत नाहीं. आजचे नियम समजून घेण्यासच कागद पुरावयाचा नाहीं.

जगांतील पोहण्याच्या शर्यतींचें नियमन करणारी संस्था १९०८ सालीं लंडन येथें स्थापन झाली. तिला 'फिना' म्हणत. २०२२ च्या अखेरीस तिनें 'वर्ल्ड ॲक्वाटिक्स' असें नवें नांव घेतलें. हात कसा मारावा, भिंतीस कसें शिवावें, सुटावें केव्हां, हे नियम ती ठरविते. आपल्या देशांत भारतीय जलतरण महासंघ व त्याच्या राज्य संघटना तेच नियम पाळतात. शाळांच्या शर्यती १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. आपल्या राज्यांत त्या जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनीं चढत जाऊन शेवटीं राष्ट्रीय पातळीवर पोहोंचतात. तात्पर्य, पाण्यांतले नियम बहुतेक सर्वत्र एकच. पाण्याबाहेरची, म्हणजे प्रवेशाची रीत मात्र ज्या त्या स्पर्धेची निराळी. यास्तव प्रत्येक स्पर्धेचें परिपत्रक नव्यानें वाचावें. गेल्या वर्षीं असें होतें म्हणून यंदाही तसेंच असेल, या भरंवशावर राहूं नये.

प्रवेशपत्रावर नांवानंतर पहिला रकाना जन्मतारखेचा असतो, आणि सर्वांत अधिक घोंटाळे याच रकान्यांत होतात. 'चौदा वर्षांखालील' म्हणजे परिपत्रकांत दिलेल्या तारखेस ज्याचीं चौदा वर्षें पूर्ण झालेलीं नाहींत तो. आपल्याकडे वय सांगण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कोणी 'चौदावें चालू आहे' असें सांगतो, कोणी 'चौदा पूर्ण झालीं' म्हणतो, आणि या दोहोंत एका वर्षाचें अंतर आहे हें घाईंत ध्यानांत राहत नाहीं. पहिला मुलगा या गटांत बसतो, दुसरा बसत नाहीं. शिवाय वय कोणत्या दिवशींचें धरावयाचें, यासंबंधींही सर्व ठिकाणीं एक पद्धत नाहीं. आंतरराष्ट्रीय वयोगटाच्या स्पर्धांत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचें वय धरण्याची चाल आहे. तेथें जन्माचें वर्ष तेवढें पाहिलें कीं झालें. अमेरिकेंतील वयोगटाच्या स्पर्धांत स्पर्धेच्या पहिल्या दिवशीं जें वय असेल तें धरतात. समजा, एका मुलीचा जन्म नोव्हेंबर २०१२ मधील आहे आणि स्पर्धा ऑगस्ट २०२६ मध्यें आहे. पहिल्या हिशेबानें ती चौदा वर्षांची, दुसऱ्यानें तेरा वर्षांची! मुलगी तीच, पाणी तेंच, पण गट बदलला. म्हणून परिपत्रकांतील ती तारीख शोधून तिच्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढावी आणि मगच गट लिहावा.

येथें एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आपल्याकडील पुष्कळ आजीआजोबांचा जन्म कागदोपत्रीं १ जून रोजीं झालेला आहे! घरीं तारीख कोणीं लिहून ठेवलेली नसे. शाळेंत नांव घालतांना गुरुजी मुलाकडे पाहून अजमासानें वर्ष ठरवीत आणि तारीख १ जून टाकीत. त्यांत कोणाचें कपट नव्हतें. आतां जन्माची नोंद कायद्यानें सक्तीची आहे, आणि जन्मदाखला व शाळेचा दाखला या दोहोंवरील तारीख एकच असणें अवश्य आहे. तीं जुळत नसतील तर स्पर्धेच्या आदल्या आठवड्यांत धांवपळ करून कांहीं साधत नाहीं; वर्षारंभींच शाळेच्या कार्यालयांत येऊन रीतसर दुरुस्ती करून घ्यावी.

परंतु जाणूनबुजून वय कमी लिहिणें ही निराळी गोष्ट होय, आणि तिजविषयीं आम्हांस स्पष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. तेरा वर्षांच्या व पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यांत, उंचींत व दमांत केवढें अंतर असतें, हें कोणत्याही आईस सांगावयास नको. राज्य व राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूंस शालान्त परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात, तेव्हां मोहही लहान नाहीं. पण जो मोठा मुलगा लहानांच्या गटांत पोहून पहिला येतो तो कोणातरी खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाचें पदक नेतो, आणि त्या मुलास आपण कां हरलों हें कधींच कळत नाहीं. केंद्र सरकारच्या क्रीडा खात्यानें २०१० सालीं वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता काढली असून तिच्या आधारें खेळाडूच्या हाडांची क्ष-किरणांनीं तपासणी करतां येते व दोषी ठरल्यास त्यास स्पर्धांतून बंदी होते. आणि ही बंदी भोगावी लागते ती मुलास! असा कागद मुख्याध्यापकांपुढें सहीस ठेवूं नये, एवढीच आमची पालकांस विनंति.

दुसरा महत्त्वाचा रकाना वेळेचा. खेळाडूनें ती शर्यत पूर्वीं किती वेळांत पोहली, तें पुष्कळ स्पर्धांत प्रवेशपत्रावर लिहावें लागतें. वेळ लिहितांना मिनिटें, सेकंद आणि सेकंदाचे शतांश असे तीन भाग निरनिराळे दाखवावे. एक मिनिट आठ सेकंद हें '१.८' असें लिहिल्यास वाचणारा त्याचा काय अर्थ करील तें सांगवत नाहीं, १:०८.०० असें लिहावें. ती वेळ २५ मीटरच्या तलावांतील कीं ५० मीटरच्या, हेंही नमूद करावें. लहान तलावांत वळणें अधिक येतात आणि प्रत्येक वळणाला भिंतीस पाय लावून जोर घेतां येतो, त्यामुळें तेथील वेळ कमी भरते.

वेळ पोहून दाखविली तरी ती मान्य स्पर्धेंतली असावी लागते. २०२१ सालीं टोकियो ऑलिंपिकच्या आधीं आपल्या देशाच्या दोन पोहणाऱ्यांस याचा अनुभव आला. साजन प्रकाश यानें रोम येथील स्पर्धेंत २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्यें पार केली. थेट प्रवेशासाठीं १:५६.४८ ही वेळ ठरलेली होती. सेकंदाच्या दहाव्या हिश्शानें तो आंत आला, आणि अशी थेट पात्रता मिळविणारा पहिला भारतीय जलतरणपटु ठरला. त्याच ठिकाणीं श्रीहरि नटराज १०० मीटर बॅक स्ट्रोक ५३.७७ सेकंदांत पोहला, मर्यादा ५३.८५ ची होती. तथापि ही वेळ नेहमींच्या शर्यतींतली नसून वेळेच्या खास चाचणींतली होती, म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता येईपर्यंत त्यास वाट पाहावी लागली. मान्यता आली आणि तो ऑलिंपिकला गेला. आमच्या मुलांनींही आपल्या प्रत्येक शर्यतीची तारीख, ठिकाण, तलावाची लांबी व वेळ एका वहींत टिपून ठेवावी.

फुगवून लिहिलेल्या वेळेनें मात्र कांहींच लाभ होत नाहीं. पोहणाऱ्यांच्या तुकड्या, ज्यांस 'हीट' म्हणतात, त्या या वेळांवरूनच पाडतात. आठ लेनच्या तलावांत त्या तुकडींतील सर्वांत वेगवान खेळाडूस चौथी लेन मिळते, त्याच्या खालोखाल असणाऱ्यास पांचवी, मग तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली व शेवटीं आठवी. अशा मांडणीनें शर्यत भाल्याच्या फाळासारखी दिसते. चुरशीचे खेळाडू शेजारींशेजारीं येतात आणि पंचांस शेवट पाहणें सोपें जातें. सहा लेन असतील तर सर्वांत वेगवान खेळाडू तिसऱ्या लेनमध्यें. ज्याची वेळच लिहिलेली नाहीं तो सर्वांत मंद समजला जातो, म्हणून ज्याला वेळ आहे त्यानें ती लिहावीच.

प्रवेशपत्रावर मुख्याध्यापकांची सही व शाळेचा शिक्का लागतो, आणि अंतिम तारीख उलटल्यावर कोणाचेंही रडगाणें ऐकत नाहींत. किती शर्यतींत नांव देतां येतें याची मर्यादा परिपत्रकांत पाहावी, व कार्यक्रमाचा क्रमही पाहावा. लागोपाठच्या दोन शर्यतींत नांव घातलें तर दुसरींत मूल दमलेलें असतें, यांत नवल नाहीं. पोशाख साध्या कापडाचा असावा. पुरुषांचा बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, याहून मोठा नसावा असा २०१० पासूनचा जागतिक नियम आहे.

आतां पाण्याकडे वळूं. प्रारंभीं पंच कांहीं तुटक शिट्या वाजवितात. तेव्हां वरचे कपडे काढून तयार व्हावयाचें. मग एक लांब शिटी होते. तिजबरोबर ठोकळ्यावर चढावयाचें. बॅक स्ट्रोकमध्यें पहिल्या लांब शिटीला पाण्यांत उतरावयाचें व दुसरीला भिंतीस धरून सज्ज व्हावयाचें. त्यानंतर 'टेक युवर मार्क्स' ही आज्ञा होते, आणि सर्व निश्चल झाले कीं इशारा. इशाऱ्यापूर्वीं जो सुटला तो बाद. पूर्वीं एकदां चूक माफ असे; आतां तशी सवलत नाहीं.

हा नियम थोरामोठ्यांसही सुटलेला नाहीं. ऑस्ट्रेलियाचा इयन थॉर्प हा ४०० मीटर फ्री स्टाइलमध्यें २००० च्या सिडनी ऑलिंपिकचा विजेता व जागतिक विक्रमाचा धनी. मार्च २००४ मध्यें अथेन्स ऑलिंपिकसाठीं त्याच्या देशांत निवडीच्या शर्यती झाल्या, त्या वेळीं ठोकळ्यावर त्याचा तोल गेला व इशाऱ्याआधीं तो पाण्यांत पडला. तो बाद झाला. दाद मागितली तीही फेटाळली गेली. ज्या क्रेग स्टीव्हन्सची त्या शर्यतीसाठीं निवड झाली होती, त्यानें पुढें आपण होऊन जागा सोडली, तेव्हां थॉर्पला ती मिळाली आणि अथेन्स येथें त्यानें सुवर्णपदक मिळविलें. थॉर्पसाठीं नियम वांकविला नाहीं, हें आम्हांस त्या पदकाहून मोलाचें वाटतें. आणि स्टीव्हन्सचें औदार्य तर त्याहूनही.

पोहण्याचे प्रकार चार. फ्री स्टाइलमध्यें हवें तसें पोहावें, वळतांना व शेवटीं शरीराचा कोणताही भाग भिंतीस लागला तरी चालतो. दमल्यास तळावर क्षणभर उभें राहतां येतें, पण पाऊल टाकून चालतां कामा नये, आणि लेनची दोरी ओढून पुढें सरकतां कामा नये. बॅक स्ट्रोक पाठीवर पोहावयाचा, व शेवटचा स्पर्शही पाठीवर असतांनाच करावयाचा. भिंत जवळ आली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मुलें अखेरीस पालथीं होतात आणि तेवढ्यानेंच बाद ठरतात. वर बांधलेल्या निशाणांच्या दोरीपासून भिंतीपर्यंत आपले हात किती पडतात, हें आधींच मोजून ठेवावें.

आमच्या मुलांस सर्वांत अधिक नडतो तो ब्रेस्ट स्ट्रोक. यांत दोन्ही हात एकाच वेळीं व सारखे चालले पाहिजेत, दोन्ही पायही तसेच; आणि प्रत्येक वळणाला व शेवटीं दोन्ही हात एकदम, एकमेकांपासून सुटे, भिंतीस लागले पाहिजेत. विहिरींत शिकलेलें मूल एका हातानें कांठ धरतें. तें स्वाभाविकच आहे. विहिरींत कांठ गांठण्यासाठींच पोहावयाचें असतें. परंतु एक हात पुढें फेकला कीं खांदा तिरका होऊन चांगली वीतभर लांबी फुकट मिळते, आणि ज्यानें दोन्ही हात समान ठेवले त्यावर अन्याय होतो. हें कारण मुलास एकदां समजावून दिलें कीं तें नियम विसरत नाहीं. बटरफ्लायमध्येंही दोन्ही हातांचा हाच नियम आहे. गंमत अशी कीं, बटरफ्लाय हा ब्रेस्ट स्ट्रोकच्याच पोटीं जन्मला. १९३० नंतरच्या दशकांत कांहीं पोहणाऱ्यांनीं पाहिलें कीं, हात पाण्यावरून पुढें आणूं नयेत असें नियमांत कोठेंच म्हटलेलें नाहीं! ते तसे पोहूं लागले, आणि अखेर १९५२ सालीं दोन्ही प्रकार वेगळे करावे लागले. पुढें १९५६ सालीं मेलबर्न येथें जपानच्या मासारु फुरुकावा यानें ब्रेस्ट स्ट्रोकमध्यें बराच पल्ला पाण्याखालून काटून सुवर्णपदक घेतलें, तेव्हां तीही वाट नियम करून बंद केली. आज ब्रेस्ट स्ट्रोकखेरीज इतर प्रकारांत सुटल्यावर व वळल्यावर १५ मीटरच्या आंत डोकें पाण्यावर यावें लागतें.

शेवटचा स्पर्श जोरानें करावा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें १०० मीटर फ्री स्टाइलला अमेरिकेच्या लान्स लार्सनच्या तिन्ही घड्याळांत ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटपेक्षां कमी वेळ पडली होती, तरी पंचांच्या डोळ्यांनीं डेव्हिटला पहिला ठरविलें. त्या वादानंतर भिंतीवरील विजेच्या पट्ट्यांचा अवलंब करण्याकडे कल झाला. जेथें ही पट्टी बसविलेली असेल तेथें हळुवार बोट लावल्यास यंत्रास कळत नाहीं, आणि घड्याळ पुढें चालत राहतें.

चौघांच्या रिले शर्यतींत आधींचा गडी भिंतीस शिवण्यापूर्वीं पुढच्याचे पाय ठोकळ्यावरून सुटतां कामा नयेत. सुटल्यास चौघेही बाद. नांवें ज्या क्रमानें दिलीं त्याच क्रमानें पोहावें लागतें. मेडली रिलेचा क्रम बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय व फ्री असा, आणि एकट्याच्या मेडलीचा बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट व फ्री असा. हा फरक कां, असें मुलें विचारतात. बॅक स्ट्रोक पाण्यांतूनच सुरू करावा लागतो. रिलेमध्यें तो मध्येंच आला तर पाण्यांत थांबलेला गडी येणाऱ्याच्या वाटेंत येईल, म्हणून तो पहिला. आणखी एक सूचना प्रेक्षक मुलांस: आपली शाळा जिंकली म्हणून आनंदानें पाण्यांत उडी टाकूं नये. शर्यत चालू असतां तींत नांव नसलेला खेळाडू पाण्यांत उतरला, तर तो स्वतःच्या पुढच्या शर्यतींतून बाद होतो.

बाद ठरविलें तर काय करावें? प्रथम, कारण विचारावें. हा हक्क आहे, आणि कारण टिपलेलें असतें. निर्णय चुकीचा वाटला तर तक्रार लेखी करावी लागते. ती शर्यत संपल्यापासून तीस मिनिटांच्या आंत, ठरलेल्या अनामत रकमेसह, संघाच्या प्रमुखानें मुख्य पंचांकडे द्यावयाची असते. जी गोष्ट शर्यतीपूर्वींच ठाऊक होती, तिजविषयींची तक्रार इशारा होण्याआधींच करावी लागते. पालकांनीं कांठावरून ओरडून केलेली तक्रार कोठेंच नोंदली जात नाहीं, आणि पाण्यांतून बाहेर येणाऱ्या मुलाच्या कानीं मात्र ती सर्वांत आधीं पडते. त्या अर्ध्या तासांत शिक्षकांकडे यावें, कारण विचारून घ्यावें, आणि तोंवर मुलाच्या अंगावर कोरडा टॉवेल टाकावा.